हवेतलं चाक: एका सेंच्युरियन किटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका मॉडेल बांधणाऱ्याचं आहे. त्याचं नाव आणि किट बनवणाऱ्या कंपनीचं नाव गाळलं आहे. मोजमापं मात्र त्याच्या वहीतली आहेत तशीच दिली आहेत. आपण त्याला भाचा म्हणू, कारण हा सगळा खटाटोप त्याने मामांसाठी केला.

मामा फौजेत ईएमईमध्ये होते, म्हणजे रणगाडे लढवणारे नव्हे, तर दुरुस्त करणारे. सेंच्युरियन रणगाड्यांच्या एका रेजिमेंटबरोबर त्यांनी बरीच वर्षं काढली. सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा. त्याचे पहिले नमुने मे १९४५ मध्ये युरोपात पोचले, तेव्हा तिथलं युद्ध संपलं होतं. पण भारतीय सैन्यात तो १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत लढला. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या 'फामागुस्ता' रणगाड्यात शेवटपर्यंत लढले, तोही सेंच्युरियनच. खेत्रपालांचा जन्म पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स, आणि तो रणगाडा आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. मामांच्या घरी १६ डिसेंबरला दरवर्षी सकाळी समई लागते. त्या दिवशी समईशेजारी आपण बांधलेला सेंच्युरियन असावा, एवढीच भाच्याची इच्छा होती.

किट १/३५ मापाचं. मूळ रणगाडा तोफेसकट साधारण ९.८ मीटर लांब, म्हणजे मॉडेल २८ सेंटिमीटरचं. साचा जुना होता, पण खोका नवा आणि किंमत परवडणारी. भाच्याने याआधी तीन-चार विमानं आणि एक जीप बांधली होती. रणगाडा पहिलाच. विमानात जोड चुकला की लगेच कळतं, रणगाडा बोजड असतो, तिथे सगळं खपून जातं, असा त्याचा समज होता. हा समज बऱ्याच जणांचा असतो. माझाही कधीकाळी होता.

अडचण कशी उभी राहिली

खोका उघडल्यावर त्याने नजरेने पाहणी केली. कडांना फ्लॅश होता, म्हणजे साच्याचे दोन भाग झिजल्यामुळे फटीतून बाहेर आलेलं पातळ प्लास्टिक. काही जाड भागांवर खळगे होते. मागे जाड पट्टी असली की तिथलं प्लास्टिक सावकाश थंड होतं, आकसतं आणि पुढचा पृष्ठभाग आत ओढतं, त्याचे हे खळगे. हे सगळं जुन्या साच्यात चालतंच, असं म्हणून त्याने कामाला सुरुवात केली. ते चुकीचंही नव्हतं.

सूचनापत्रक बहुतेक रणगाड्यांच्या किटसारखंच चाकांपासून सुरू होत होतं. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला चाकांच्या सहा जोड्या असतात आणि दोन-दोन जोड्या एका सस्पेन्शन युनिटवर बसतात, म्हणजे एका बाजूला तीन युनिटं. ही रचना हॉर्स्टमन नावाने ओळखली जाते. भाच्याने दोन रविवार खर्चून चोवीस चाकांचे फ्लॅश काढले, जोड्या चिकटवल्या, युनिटं हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या मुख्य धडाच्या, तळपेटीला पक्की केली. हे काम त्याने सुरेख केलं होतं. एकाही चाकाच्या कडेला पॉलिश पेपरचा सपाटा पडलेला नव्हता.

मग हलचा वरचा भाग तळपेटीवर ठेवून पाहिला. डावीकडे बरोबर बसला, उजवीकडे पुढच्या नाकाशी फट राहिली. फट १.२ मिमी. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण ३५ ने गुणलं की ती मूळ रणगाड्यावर ४२ मिमी होते, आणि सेंच्युरियनच्या पुढच्या तिरक्या पत्र्याची जाडीच ७६ मिमी. कवचाच्या निम्म्याहून जास्त जाडीएवढी भेग, तीही अगदी समोर.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. त्याने पुढच्या आणि डाव्या जोडात पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचं द्रव, सोडलं, भोवती पाच रबरबँड आवळले आणि झोपायला गेला. हा पहिला खरा निर्णयबिंदू. सकाळी पुढची फट मिटलेली होती, पण मागचा जोड उघडला होता. त्याने तिथे पुट्टी भरायचं ठरवलं, पण त्याआधी एक फोटो मामांना पाठवला.

मामांनी फटीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. उत्तर आलं ते असं: "उजवं पहिलं चाक जमिनीला का टेकत नाही रे?"

भाच्याने रणगाडा टेबलावर ठेवून बोटाने दाबला. तो डगमगत होता. संध्याकाळी त्याने मला फोन केला.

मोजमाप

मी गेलो तेव्हा त्याच्या टेबलावर तीन प्रकारच्या पुट्ट्या मांडलेल्या होत्या. त्या बाजूला ठेवल्या आणि आधी जाड काचेचा तुकडा मागितला. टेबलाच्या लाकडावर भरवसा ठेवता येत नाही. काच सपाट असते.

काचेवर रणगाडा ठेवून प्रत्येक चाकाखालून कागदाची पट्टी सरकवली. डावीकडे सहाही चाकं कागद धरून ठेवत होती. उजवीकडे पहिल्या दोन चाकांखालून तो सुळकन गेला. फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजलं तेव्हा पहिल्या चाकाखाली १.१ मिमी मोकळी जागा होती. मग व्हर्नियरने तळपेटीची रुंदी घेतली. दोन्ही टोकांना रुंदी सारखी, पण मधोमध वरच्या कडेला ०.८ मिमी कमी. म्हणजे दोन दोष एकत्र होते: पेटीच्या भिंती मध्ये आत झुकलेल्या आणि अख्ख्या पेटीला पीळ बसलेला.

भिंती आत झुकण्याचं कारण साच्यातच असतं. उघड्या पेटीसारखा भाग ओतला की कोपऱ्याची बाहेरची बाजू लवकर थंड होते, आतली बाजू गरम राहते आणि नंतर आकसते, त्यामुळे भिंत आत ओढली जाते. भाग पुरेसा थंड होण्याआधी साच्यातून बाहेर ढकलला तर हे वाढतं. पीळ कुठे बसला ते मात्र सांगता येणार नाही. तो साच्यातून निघतानाही बसतो आणि नंतर गरम गोदामात ओझ्याखालीही बसतो.

फट दिसत होती पुढे, दोष होता तळाशी. वरचा भाग सरळच होता. रबरबँडने आपण त्या सरळ भागाला वाकड्या पेटीच्या मापात ओढत होतो, आणि त्याने ते एका टोकाला मान्य करून दुसऱ्या टोकाला सोडून दिलं होतं.

समोरचे पर्याय

तारीख होती २ नोव्हेंबर. हातात सहा आठवडे.

पुट्टी भरून पुढे जाणं सगळ्यात सोपं होतं. भाच्याचा कल तिकडेच होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच फोल नव्हतं: सेंच्युरियनच्या बाजूला कवचपट्ट्या असतात, ट्रॅकचा वरचा भाग त्यात झाकला जातो, चाकं अर्धीच दिसतात. पण खालचा अर्धा भाग, जो जमिनीला टेकतो, तोच उघडा राहतो. बावन्न टनांच्या रणगाड्याचं चाक हवेत दिसलं तर बाकीचं रंगकाम कितीही चांगलं झालं तरी डोळा तिथेच अडखळतो. शिवाय फौजेत ट्रॅकखाली लोळून आयुष्य काढलेल्या माणसासमोर ते ठेवायचं होतं.

विक्रेत्याकडून बदली भाग मागवायचा तर तो परदेशातून यायला किती दिवस लागतील याची खात्री नव्हती. आणि त्याच साच्यातून निघालेला दुसरा भाग सरळ असेल याचीही नव्हती. दुसरं, नव्या साच्याचं किट घेणं हा पर्याय पैशाने तिप्पट होता आणि दोन रविवारची चाकं वाया जाणार होती.

डायोरामाची, म्हणजे मॉडेलभोवती देखावा उभा करण्याची, युक्तीही निघाली: ओबडधोबड जमीन करायची आणि पहिलं चाक एका दगडावर चढवायचं. ही युक्ती मी स्वतः एकदा केली आहे. ती चालते, पण हॉर्स्टमनमध्ये दोन जोड्या एकाच युनिटवर असतात. पहिली उचलली की दुसरीने खाली दबायला हवं. इथे दोन्ही उचललेल्या होत्या. मामांना ते एका नजरेत कळलं असतं.

शेवटचा पर्याय म्हणजे चिकटवलेला जोड उघडून पेटी गरम पाण्यात सरळ करणं. धोका उघड होता. चाकं आणि युनिटं लावून झालेली, पाणी जास्त गरम झालं तर पेटीआधी आसच वाकणार. मी हाच पर्याय सुचवला, पण निर्णय भाच्याने घ्यावा म्हणून गप्प राहिलो. त्याने दोन दिवस घेतले आणि होकार दिला.

काय केलं

आधी जोड उघडला. पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतं, त्यामुळे पूर्ण वाळल्यावर तो जोड सुटत नाही, मोडतो. इथे तीनच दिवस झाले होते. जोडावर पुन्हा थोडं सिमेंट फिरवून, ते मऊ झालं की ब्लेडची पाठ सरकवत, बोटभर बोटभर पुढे जात पाऊण तासात वरचा भाग सुटला. कडा थोड्या चिंबल्या, त्याचं पुढे येईलच.

मग सुताराकडून सागाचा एक ठोकळा रंधून घेतला, पेटीच्या आतल्या योग्य रुंदीचा. पाण्याचं तापमान ठरवायला आधी किटची रिकामी चौकट, म्हणजे सुटे भाग कापून घेतल्यावर उरलेला प्लास्टिकचा सांगाडा, वापरली. चाळीस रुपयांची गोष्ट वाचवण्यासाठी चार हजारांची गोष्ट पणाला लावू नये, म्हणून हा प्रयोग आवश्यक होता. ६० अंशांच्या पाण्यात चौकट वाकवली तर ती परत मूळ आकारात आली. ८० अंशांना दोन मिनिटं ठेवली की वाकवलेल्या आकारात राहिली. त्याहून वर आम्ही गेलो नाही. पॉलिस्टायरिन शंभराच्या आसपास पूर्ण ढिलं पडतं.

पहिल्या बुडवणीत ठोकळा आत घालून पेटी ८० अंशांच्या पाण्यात ठेवली आणि ठोकळ्यासकट थंड पाण्यात नेली. भिंती सरळ झाल्या. पीळ जवळपास निम्माच गेला. दुसऱ्या बुडवणीत ठोकळा काढला, भाच्याने दोन्ही टोकं जाड हातमोज्यांनी धरून उलट पीळ दिला, हवा त्यापेक्षा किंचित जास्त, आणि तसंच थंड पाण्यात नेऊन मिनिटभर धरून ठेवलं. काचेवर मोजलं: १.१ चं ०.३ झालं होतं. तिसऱ्यांदा बुडवायचा मोह होता. इथे आम्ही थांबलो, कारण उजवीकडच्या शेवटच्या युनिटचा एक आस कलायला लागला होता. तो कापून त्याजागी पितळी तार बसवली.

उरलेला ०.३ मिमी पीळ आडव्या भिंतींनी घालवला. एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटच्या दोन पट्ट्या कापून पेटीच्या आत, एक तोफघुमटाच्या पुढे आणि एक इंजिनाच्या जागी, काटकोनात चिकटवल्या. त्या वाळेपर्यंत पेटी काचेवर वजनाखाली ठेवली, पूर्ण दोन दिवस. बाहेरून काहीच दिसत नाही, पण अख्ख्या दुरुस्तीत सगळ्यात मोलाचं काम या दोन पट्ट्यांनी केलं. गरम पाण्याने दिलेला आकार टिकवायला आत कणा हवा, नाहीतर उन्हाळ्यात पीळ परत येतो.

वेल्डिंगची रेघ

आता फट ०.२ मिमीवर आली होती. भाच्याने ती भरली, घासली, आणि गुळगुळीत झालेलं नाक मला अभिमानाने दाखवलं. इथे दोष माझाही आहे. मी वेळेवर बोललो नाही.

त्याच शनिवारी तो अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला गेला आणि तिथल्या सेंच्युरियनसमोर तासभर उभा राहिला. परतल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता: "तिथे नाकाच्या जोडावर अंगठ्याएवढी वेल्डिंगची वळी आहे. आपल्या किटवर ती होती का?"

होती. वरच्या भागाच्या कडेला बारीक उंचवट्याची रेघ होती, आणि त्याने ती फ्लॅश समजून घासून टाकली होती. सेंच्युरियनचा हल वेल्डिंगने जोडलेला आहे. घुमटाच्या भिंती ओतीव आणि छत वेल्डिंगने बसवलेलं. तिथला ओतीव पोत किटने बरा दिला होता, आणि तोही भाचा घासायच्या बेतात होता. विमानाचा पत्रा गुळगुळीतच असायला हवा, ही सवय त्याच्या हातात होती. रणगाड्यावर काही खडबडीतपणा दोष असतो आणि काही मूळ कारागिरी असते, आणि दोन्हींत फरक करायला सूचनापत्रक उपयोगी पडत नाही. खरा रणगाडा किंवा त्याचे भरपूर फोटो लागतात.

वळी पुन्हा बनवली. किटचीच चौकट मेणबत्तीवर मऊ करून तिची तार ओढली, जोडावर चिकटवली, सिमेंटने ओली केली आणि बोथट ब्लेडने जवळजवळ टिचके मारत गेलो. गंमत अशी की ०.२ मिमीची फट त्या वळीखाली आपोआप गेली, चिंबलेल्या कडाही झाकल्या. तो जोड आधी भरून घासायची गरजच नव्हती.

तोफेची नळी

नळी दोन अर्ध्यांत होती आणि साचा सरकल्यामुळे जोडावर ०.२ मिमीची पायरी. घासून पायरी गेली, पण नळी लंबगोल झाली. ती टाकून दिली आणि योग्य व्यासाच्या प्लास्टिक नळीपासून नवी केली. हे करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली: किटमधली नळी सुरुवातीच्या, साध्या २० पौंडी तोफेची होती. आपल्याकडच्या सेंच्युरियनच्या २० पौंडी तोफेला मधोमध धूर खेचणारा फुगवटा असतो. दुसरी थोडी जाड नळी बाहेरून सरकवून, दोन्ही टोकं निमुळती करून तो बसवला. साचा चुकला नसता तर आम्ही चुकीची तोफ बिनबोभाट लावली असती.

निष्पत्ती

१६ डिसेंबरला रणगाडा समईशेजारी होता, फक्त हिरव्या रंगाचा, खुणा आणि नंबर न लावलेला. धूळ-मातीचं काम जानेवारीत झालं.

मामांनी चष्मा चढवला, शेजारच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि एकेका चाकाखालून त्याची पट्टी सरकवून पाहिली. आम्ही त्यांना ही रीत सांगितली नव्हती. अकरा जोड्यांनी कागद धरला. बारावी, जिचा आस आम्ही पितळी तारेने बदलला होता, तिने सोडला.

"हे युनिट बदललंय?" मामांनी विचारलं.

"आस बदलला, मामा. वाकला होता."

"दिसतंय," ते म्हणाले, आणि रणगाडा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले.

एकूण वेळ: ठरवलेल्या चाळीस तासांऐवजी नव्वदच्या आसपास. त्यातले वीसेक तास त्या एका रात्रीच्या रबरबँडचे.

पुन्हा करायचं झालं तर

चाकांना हात लावण्याआधी तळपेटी काचेवर ठेवून वरचा भाग नुसता टेकवून पाहायचा. याला पाच मिनिटं लागतात. पीळ तेव्हाच सापडला असता, आणि उघडी पेटी सरळ करणं चाकं लावलेल्या पेटीपेक्षा कितीतरी सोपं. सूचनापत्रकाचा क्रम छापणाऱ्याच्या सोयीचा असतो. बांधणाऱ्याने आधी मोठे भाग सरळ आहेत का ते बघून आपला क्रम लावावा.

रबरबँड आणि क्लॅम्प जोड धरून ठेवायला आहेत, जुळवायला नाहीत. नुसत्या बोटांच्या दाबाने जोड मिटत नसेल तर सिमेंटची बाटली बंद करायची आणि का मिटत नाही ते शोधायचं. रात्री साडेअकराला तर हे जास्तच लागू आहे.

बदली भागाची मागणी मात्र पहिल्याच दिवशी पाठवायला हवी होती. आम्ही तो पर्याय बाद केला, पण पत्र पाठवायला काहीच खर्च नव्हता, आणि भाग उशिरा आला असता तरी राखीव म्हणून राहिला असता.

म्युझियमची फेरीही घासण्याआधी व्हायला हवी होती. पुणे-अहिल्यानगर अंतर एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. किटचे ट्रॅक मऊ व्हिनाइलचे आहेत. व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि जिथे टेकतं तिथलं पॉलिस्टायरिन खातं. भाच्याने चाकांवर प्रायमर, रंग आणि वार्निश असे तीन थर दिले आहेत. कडक प्लास्टिकचे सुट्या कड्यांचे ट्रॅक त्याने मागवले आहेत, पण अजून लावलेले नाहीत, कारण त्यासाठी बाजूच्या कवचपट्ट्या काढाव्या लागतील. दर सहा महिन्यांनी तो चाकं भिंगाखाली पाहतो आणि तारीख वहीत लिहितो.